मुखडा का शिवार?

शिवार सरांच्या हातात कुठलाही कागद द्या, ते तो आधी आडवा करत. लग्नपत्रिका असो, लाइटचं बिल असो, डॉक्टरांची चिठ्ठी असो. कागद हातात आला की दोन बोटांत गर्रकन फिरवायचा, हात लांब करून, डोळे बारीक करून बघायचा, आणि मग नाइलाजानं सरळ करून वाचायला घ्यायचा. बसवकल्याणच्या मराठी शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी माझं नेमणुकीचं पत्र स्टाफरूममध्ये हातोहात फिरत होतं. ह्या गृहस्थांनी ते आडवं धरून इतका वेळ न्याहाळलं, की मला वाटलं ह्यांना वाचता येत नसावं. शेजारच्या बाई कानाशी पुटपुटल्या, "ड्रॉइंगचे सर हायत. त्यांचं असंच असतंय."

पुढं ओळख वाढल्यावर मी विचारलंच, की हे काय खूळ? म्हणाले, "उभ्या कागदात जीव गुदमरतोय, बाई. आडवा केला की वारं लागतंय." वारं लागलं की कागद उडून जातो, असं मी व्याकरणाच्या बाईला शोभेल असं उत्तर दिलं. त्यावर ते खांदे हलवत हसले. मी उदगीरकडची, लग्न होऊन ह्या गावात आलेली, अजून सासरात नीट न रुळलेली. स्टाफरूममध्ये मोकळं हसणारा तो पहिला माणूस होता, आणि आमची गट्टी जमली ती तेव्हापासून.

त्यांच्या कपाळावर विभूतीच्या तीन रेघा असत, त्याही अर्थात आडव्या. माझ्या सासऱ्यांच्या कपाळी बुक्का आणि उभं गंध. एकदा सासरे काही कामानं शाळेत आले तेव्हा दोघं समोरासमोर उभे राहिले आणि मी चेष्टेनं तो फरक बोलून दाखवला. सासरे जरा अवघडले. सर म्हणाले, "तुमचे मामंजी उभे, आमी आडवे. पान एकच हाय की." सासऱ्यांना हे इतकं आवडलं, की त्यांनी सरांना घरी चहाला नेलं आणि पुढं कितीतरी वर्षं दोघं सणावारी एकमेकांकडे जात राहिले.

मराठी शाळांत पोरं कमी होत चालली होती. पोरं कमी झाली की पहिली कुऱ्हाड चित्रकलेवर पडते, तशी ती पडली. सरांना घरी बसवण्याऐवजी मुख्याध्यापकांनी तोड काढली. शाळेला नुकतेच कॉम्प्युटर मिळाले होते आणि शिकवायला माणूस नव्हता. "सर, तुमचा हात सरळ रेघ वढतोय. आता माऊस वढा," असं म्हणून त्यांनी लॅबची किल्ली सरांच्या हातात ठेवली. सर बरेच दिवस तोंड पाडून होते. रंगाच्या बाटल्या, ब्रश, ड्रॉइंग बोर्ड सगळं त्यांनी लॅबमधल्याच एका कपाटात कोंबलं आणि त्या कपाटाकडे पाठ करून पडद्यासमोर बसू लागले.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत ते जवळजवळ धावतच आले. "बाई, चला. तुमाला गंमत दावतो." पडद्यावर कोरं पान उघडं होतं. पानाची दिशा ठरवायच्या जागी दोन शब्द होते, पोर्ट्रेट आणि लँडस्केप. सर त्या शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, "बगा! हे मशीन इचारायलंय, माणूस काढायचाय का रान काढायचंय! अवं, हे तर आमच्याच खात्याचं निगालं की!" परगावच्या बसस्टँडवर आपल्या गावचा माणूस भेटावा तसा त्यांना आनंद झाला होता. त्या दिवसापासून त्यांचं कॉम्प्युटरशी जमलं.

पोरांना ते इंग्रजी शब्द बोजड वाटत, म्हणून सरांनी आपले शब्द केले. पोर्ट्रेट म्हणजे मुखडा, लँडस्केप म्हणजे शिवार. मी मराठीची शिक्षिका, मला राहवेना. मुखडा शब्द आपण बाजारातल्या दखनीतून उचललाय आणि शिवार म्हणजे गावाची जमीन, देखावा नव्हे, असं मी त्यांना सुनावलं. "मंग देखाव्यात काय असतंय, बाई? जमीनच असतीय की!" हळूहळू ते शब्द सगळ्या शाळेच्या तोंडी बसले. बोनाफाइड सर्टिफिकेट मुखड्यात निघे, वार्षिक निकाल शिवारात. क्लार्क हातात कागद घेऊन लॅबच्या दारात उभा राही आणि सर न बघताच विचारत, "मुखडा का शिवार?" सरांचं पाळण्यातलं नाव मागं पडलं ते तेव्हापासूनच. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांनी गावात झेरॉक्सची दुकानं काढली. तिथं आजही 'शिवारात काढा' म्हटलं की आडवी प्रिंट मिळते आणि परगावचं गिऱ्हाईक गोंधळून बघत राहतं.

दुसरा त्यांचा शब्द बांध. लांबलचक फाइलीत मधलं एखादंच पान आडवं करायचं असलं, तर आधी त्या पानाच्या अलीकडे आणि पलीकडे तुकडा पाडून घ्यावा लागतो. नाहीतर एका पानाबरोबर सगळी फाइल आडवी होते. सर पोरांना सांगत, "आदी दोन्हीकडून बांध घाला, मंगच पाणी सोडा. न्हाईतर ह्याचं पाणी त्याच्या रानात." शेतकऱ्यांची पोरं, त्यांना हे एकदाच सांगावं लागे. एकदा नवे मुख्याध्यापक आले, बेंगळुरूकडचे, मराठी जेमतेम समजणारे. ते आल्या आल्याच लॅबमधून पोरं ओरडली, "बांध फुटला! बांध फुटला!" साहेब खुर्चीतून उठले ते थेट गावच्या तळ्याच्या बाजूला पळाले, वाटेत शिपायाला पोरं वर्गाबाहेर काढायला सांगून. अर्धी शाळा मैदानात जमल्यावर कळलं, की दहावीच्या कुणा मुलीची सहलीचा वृत्तान्त लिहिलेली फाइल आडवी झाली होती.

सर काही मोठे तज्ज्ञ नव्हते, हेही सांगायला हवं. टाइप करायचे एका बोटानं, आणि दुसरा हात मशीन पळून जाईल म्हणून धरल्यासारखा टेबलाच्या कडेला. प्रिंटर अडला की त्याच्या पाठीवर थाप मारत. सहावीचा समाजाचा पेपर त्यांनी एकदा हौसेनं शिवारात दोन रकाने पाडून छापला. रकाने एकमेकांत सरकले आणि 'जोड्या लावा'मध्ये निम्म्या वर्गानं अकबर बादशहाची जोडी काळ्या मातीशी लावली. मी पेपर घेऊन तणतणत गेले. सर गंभीरपणे म्हणाले, "पोरांचं बराबर हाय, बाई. पेपरच चुकलाय. सगळ्याला मार्क देऊन टाका." मी दिले.

कॉम्प्युटरचा तास नसला की ते कपाट उघडत आणि खरी चित्रं काढत. मादन हिप्परग्याकडचं त्यांचं गाव, तिथलं रान. पिवळ्या फुलांवर आलेली तूर, उन्हानं भेगाळलेली काळी जमीन, बांधावरची बाभळ, लांबवर जाणारी एखादी एस.टी. चित्रात माणसं असत, नाही असं नाही. पण ती लांब असत, वाकलेली असत, किंवा पाठमोरी. तोंड कुणाचंच दिसत नसे. मी ह्यावरून त्यांना खूप छेडलं. "सर, तुमच्या गावात सगळ्यांनी तुमच्याशी अबोला धरलाय का?" ते नुसतेच हसत.

शाळेच्या संस्थापकांचं चित्र हवं म्हणून एकदा कमिटीनं आग्रह धरला. संस्थापक जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यांचा धड फोटो नव्हता. सर आधी नाही म्हणाले, मग फारच भीड पडली तेव्हा एक मोठा कागद घेऊन बसले. समारंभात पडदा सरकवला, तर समोर पसरलेलं शिवार, त्यातून जाणारी पायवाट, आणि त्या वाटेवर छत्री घेऊन शाळेच्या दिशेनं निघालेले संस्थापक, पाठमोरे. कमिटीवाले एकमेकांकडे बघू लागले. संस्थापकांच्या थोरल्या सूनबाई तेवढ्या म्हणाल्या, "मामंजी असेच चालायचे." म्हणून ते चित्र भिंतीवर राहिलं.

ह्या सगळ्या चेष्टेत एक व्यक्ती कधीच हसली नाही. ती म्हणजे सरांची एकुलती एक मुलगी, नीला.

नीला माझ्याच वर्गात होती. हुशार, बोलकी, निबंध असे लिहायची की मी ते घरी नेऊन सासूबाईंना वाचून दाखवत असे. लहानपणी न्हाणीघरात कढत पाणी अंगावर सांडून तिचा डावा गाल भाजला होता. त्याची खूण राहिली होती, कानापासून हनुवटीपर्यंत. वर्गात ती नेहमी डाव्या भिंतीला बसे. फोटो काढताना मान किंचित वळवून घेई, आणि हे इतक्या सहज की नव्या माणसाच्या ध्यानातही येऊ नये.

तिची बापाजवळ एकच मागणी असे. "अप्पा, माजा मुखडा काढा की." अगदी लहान होती तेव्हापासून. सर म्हणत, "काढू की. घाई काय हाय?" सुट्टीत ती पायरीवर नीट बसून राही, केस विंचरून, हात मांडीवर ठेवून. सर कागद घेत, पेन्सिलला टोक करत, तिच्याकडे बघत, आणि खाली मान घालून तिच्या मागचं कडुनिंबाचं झाड काढत. सरांच्या पत्नी, अक्का, मला हे हसून सांगायच्या. "पोरगी बसतीय तासभर, आन् कागदावर येतंय झाड." मीही तेव्हा हसले होते.

मोठी झाल्यावर नीलानं विचारायचं सोडलं. एम.एस्सी. झाली, सोलापूरला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लागली, आणि घरात लग्नाचं बघायला सुरुवात झाली. बायोडाटा सरांनी स्वतः केला. तुम्हाला ठाऊकच आहे, मुलीचा बायोडाटा म्हणजे उभं पान, वर देवाचं नाव, उजव्या कोपऱ्यात किंवा मधोमध मुलीचा फोटो, खाली नाव, शिक्षण, उंची, मामाचं गाव. सरांनी तो शिवारात केला. डावीकडे मोठ्या अक्षरात तिचं शिक्षण, तिची बक्षिसं, तिला कन्नड, मराठी, हिंदी, इंग्रजी चारही येतात हे, तिनं लॅबमध्ये काय काम केलं ते. फोटो पार उजवीकडे खाली, टपालाच्या तिकिटाहून थोडा मोठा.

मला दाखवायला आणला तेव्हा मी म्हटलं, सर, हे लग्नाच्या बाजारात चालायचं नाही. तेव्हा ते जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "बाई, लोकं मुखडा आदी बगत्यात आन् मंग पोरीला वाचतच न्हाईत. माजी पोरगी आदी वाचू द्या त्यांना." मला ते पटलं. बाप म्हणून ते बरोबरच होते असं मला आजही वाटतं. पण हे त्यांनी मला सांगितलं, नीलाला नाही.

तो कागद मध्यस्थाच्या फाइलीत नीट बसेना. बाकीच्या मुली सगळ्या उभ्या, ही एकटी आडवी. एक दिवस तो मध्यस्थ घरी येऊन चहा पिता पिता म्हणाला, "सर, लोकाला मान वाकडी करावी लागायलीय तुमची पोरगी बगायला!" आणि आपल्याच विनोदावर हसला. नीला सुट्टीवर आलेली होती, आत भाकरी करत होती. तिनं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. मी लॅबमध्येच बसले होते, निकालाचं काम चालू होतं. तिनं तो बायोडाटा बापासमोर ठेवला. आवाज चढवला नाही. "अप्पा, हे कामून असं केलाव? माजं तोंड एवढं लपवून ठेवावं वाटतंय व्हय तुमाला?" सर म्हणाले, "न्हाई गं, तसं न्हाई..." आणि थांबले. एरवी पोरांना तासन्‌तास शिकवणारा माणूस, त्याला पुढचं वाक्य सापडेना. तिनं मिनिटभर वाट बघितली. मग शेजारच्या कॉम्प्युटरवर बसून तिनं नवं पान उघडलं, मुखड्याचं. भाजलेला गाल स्वच्छ दिसेल असा समोरून काढलेला फोटो मोबाइलमधून घेतला आणि पानाच्या मधोमध मोठा करून लावला. प्रिंट काढली. जाताना माझ्या पाया पडून गेली, बापाकडे बघितलं नाही.

त्याच बायोडाट्यावर तिचं लग्न जमलं. मुलगा चांगला मिळाला, सोलापुरातच शिक्षक. लग्नात सर सगळ्यांना हात जोडत मांडवभर फिरत होते. पण बाप-लेकीत काहीतरी कायमचं तुटलं होतं. नीला सणाला येई, आईशी बोले, माझ्याकडेही चक्कर टाके. बापाशी बोलणं म्हणजे 'जेवलाव का' आणि 'गोळ्या घेतलाव का' एवढंच. सर तिला सोडायला बसस्टँडवर जात, उमरग्याकडची बस येईपर्यंत उभे राहत, आणि दोघंही रस्त्याच्या एकाच बाजूला बघत राहत. मी एकदा त्यांच्याबरोबर होते. इतकी मुकी वाट बघणारी माणसं मी पाहिली नव्हती.

सर निवृत्त झाले. त्यानंतर दम लागतो म्हणून घरीच असत. मी शाळा सुटल्यावर अधूनमधून जायची. अक्का शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढं ठेवायच्या आणि कन्नडमध्ये नवऱ्याची तक्रार करायच्या. त्यातलं निम्मं मला कळत असे. अशाच एका संध्याकाळी विषय नसताना सर म्हणाले, "बाई, नीला म्हणतीय ते बराबर हाय. मी तिचा मुखडा काढला न्हाई." मग त्यांनी सांगितलं.

ते ड्रॉइंगची परीक्षा पास होऊन गावात आले तेव्हा विशीच्या आत होते. खेड्यात तेव्हा फोटो काढून घेणारी माणसं थोडी. कुणी गेलं आणि घरात फोटो नसला, तर फोटोवाला आळंदहून येईपर्यंत माती थांबायची नाही. मग ह्यांना बोलावणं यायचं. त्यांच्या लोकांत गेलेल्या माणसाला बसवतात, विभूती लावून, हार घालून. समोर सगळं गाव रडायला आणि हा पोरगा उभा कागद मांडीवर घेऊन बसलेला. "डोळे मिटलेले असायचे, बाई. घरचे म्हणायचे, उगडे काढ. मंग मीच कागदावर उगडायचो. म्हाताऱ्याचे, बाळंतिणीचे, एका येळंला लहान लेकराचे." आसपासच्या गावांत त्यांचं नाव झालं होतं. माणूस गेला की पोराला बोलवा.

"आईला लई वाटायचं, माजा जिवंतपणी काढ. सगळ्या गावाचा काढतोस, माजा कामून न्हाई? म्हणून काढला. लई चांगला आला हुता. आन् त्याच पावसाळ्यात आई गेली." सर पुढं म्हणाले, "मला म्हाईत हाय, ह्यात काय अर्थ न्हाई. तापानं गेली ती. पर त्याच्यानंतर कुण्या जित्या माणसाच्या तोंडावर पेन्सिल धरली की हात उठंनाच. आन् ही तर माजी पोरगी. ती पायरीवर बसायची, मी बगायचो, आन् मला भ्याव वाटायचं."

मला रागच आला. इतकी वर्षं ह्या माणसानं एवढ्या साध्या गोष्टीसाठी पोरीला झुरत ठेवलं. मी म्हटलं, "सर, हे मला कशाला सांगता? तिला सांगा. आत्ता फोन लावते." त्यांनी माझा हात धरला. "फोनवर सांगायची गोष्ट न्हाई ही. उगादीला, पाडव्याला येणार हाय ती. समोर बसवून सांगतो." त्यांच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी मला काहीतरी मोकळं दिसलं. मी म्हटलं, बघा हं, मी उगादीला विचारायला येणार. ते म्हणाले, "या की. पुरणाची होळगी खायला या."

उगादीच्या आधीच ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी पोचले तेव्हा घर भरलं होतं. सरांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचा हार. जुने विद्यार्थी येत होते, मोबाइल पुढं करून फोटो घेत होते. नीला सोलापूरहून आली ती चप्पल न काढताच आत गेली आणि बापाच्या समोर बसली. रडली नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे एकटक बघत राहिली, मातीच्या विधीसाठी स्वामी आले तरी उठली नाही. शेवटी अक्कांनीच तिला धरून बाजूला केलं.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तर ती मागच्या दारी एकटीच बसली होती. मला बघून सरकली. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग एकदम म्हणाली, "बाई, एक इचारू? अप्पा तुमच्याजवळ बोलायचे. माज्या तोंडाबद्दल कधी काय बोलले का?"

मी तिला सगळं सांगितलं. बायोडाट्याचं सांगितलं, पोरगी आधी वाचू द्या म्हणाले होते ते सांगितलं. मग गावातल्या त्या मातीचं, मिटलेल्या डोळ्यांचं, तिच्या आजीचं. उगादीला ते स्वतःच सांगणार होते हेही सांगितलं. हे शब्द माझ्या तोंडी शोभणारे नव्हते. ते ज्याच्या तोंडून यायला हवे होते तो माणूस जमिनीखाली होता.

ती ऐकत राहिली. मधे एकदा म्हणाली, "भ्याले? अप्पा भ्याले?" आणि हसल्यासारखं केलं. मग भाजलेल्या गालावर हात ठेवला. तिनं तो लपवण्यासाठी ठेवला नव्हता, आपला सहज ठेवला होता. मी तिला तसं करताना कधी पाहिलं नव्हतं.

"मला वाटलं, त्यांना हे तोंड कागदावर नको हुतं," ती म्हणाली. "मरायचं भ्याव वाटतंय म्हणून मला सांगायचं हुतं की, बाई. मी बसले असते. मरू दे म्हणले असते, काढा."

मी म्हटलं, "नीला, त्यांचा तुझ्यावर फार जीव होता गं."

"व्हय. कळालं आता." आत अक्का कुणाशी तरी बोलत होत्या. "गालावरचा डाग कुणालाबी दिसतोय, बाई. मला आरशात तेवढाच दिसतोय. अप्पाला मी कशी दिसत हुते, ते मला एकडाव बगायचं हुतं."